बोट टोचायचा मान

हात वर करायला कुणाच्या बापाचं काय जातं? आमच्या वर्गानं त्या दिवशी झाडून सारे हात वर केले.

त्रेसष्ट सालची गोष्ट. मी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि बडनेऱ्याहून रोज गाडीनं ये-जा करत होते. आमचे प्राणिशास्त्राचे गावंडे सर उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला राहून रक्ताची एक नवी तपासणी शिकून आले होते. नवा सदरा घेतलेलं पोर जसं चारचौघांत मिरवल्याशिवाय राहत नाही, तसं सरांचं झालं होतं. त्यांनी फळ्यावर एक गोल काढला आणि शेजारी एक विळा.

"रक्तातल्या तांबड्या पेशी अशा गोल असतात," ते म्हणाले, "पण काही माणसांच्या पेशी प्राणवायू कमी पडला की अशा विळ्यासारख्या वाकतात. हा गुण आई किंवा बाप, एकाकडूनच आला असेल तर माणूस ठणठणीत असतो. त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. दोघांकडून आला तर मात्र त्या पोराची हाडं ठणकतात, रक्त आटतं, आणि पुष्कळदा ते मोठं होत नाही. आता नवरा-बायको दोघंही असे वरून ठणठणीत असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी जोखीम. मग लग्नाआधीच पाहून घेतलं तर? कोण पाहून घेईल?"

तेव्हा ते हात वर झाले. पण गावंडे सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, "आता हात खाली घ्या आणि तोंड उघडा. मनात काय आहे ते बोला."

सगळ्यात आधी चंद्रभान उठला. हा अंजनगाव सुर्जीकडचा, घरी भरपूर काळं रान आणि तोंडाला कुंपण नाही. "सर, पोरीचं पाहिलं म्हंजे झालं ना? पोराचं काहून पाहा लागते? बैल घेताना दात बैलाचे पाह्यतात, घेनाऱ्याचे कोनी पाह्यते का?"

मुलं खदखदून हसली. मला लहानपणापासून गप्प बसायचा रोग नाही. मी उभी राहिले. "बैलाले पोट्टे होत नाई, चंद्रभान. तुले व्हावे म्हून तं हे सारं चालू हाय."

त्यानंतर वर्गात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. सर फळ्याकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी पुसत राहिले, आणि फळ्यावर पुसायला काही उरलेलं नव्हतं.

मग माझ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. त्यानं आधीच तीन स्थळं पळवली. आता रक्तातही काही निघालं, तर आईनं मला ठेवायचं कुठं?" यावर कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला की तपासणी चांगलीच आहे, पण निकाल घरच्यांना सांगू नये. दुसरा म्हणाला, घरच्यांना सांगावा पण सोयऱ्यांना सांगू नये. थोडक्यात, सगळ्यांना तपासणी हवी होती आणि निकाल कुणालाच नको होता.

शेवटी सर म्हणाले, "शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत या. एक थेंब रक्त, बस."

शनिवारी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. कुणाला मूर्तिजापूरला मावशी आठवली, कुणाचा डबा खायचा राहिला होता. चंद्रभानला शनिवारचा उपास होता, आणि उपासाच्या दिवशी रक्त काढलेलं मारुतीला चालत नाही असं त्यानं मला भर व्हरांड्यात सांगितलं. मी गेले. शूर होते म्हणून नाही, वर्गात तोंड उघडलं होतं म्हणून गेले.

सरांनी बोट टोचलं, काचेवर थेंब घेतला, त्यात औषधाचा एक थेंब टाकला, वर पातळ काच ठेवून कडा व्हॅसलीननं बंद केल्या. अर्ध्याएक तासानं म्हणाले, "बघ, तूच बघ." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. वावरात सोंगणीला बाया उतराव्यात आणि जिकडे तिकडे विळेच विळे चमकावेत, तसं दिसत होतं.

"सर, हे माझंच का?"

"तुझंच. पण घाबरू नको. तू ठणठणीत होतीस, आहेस आणि राहशील. फक्त जोडीदार गोल पेशींचा बघ. मग लेकरांना या रोगाचं भय नाही."

हे सांगणं सोपं होतं. पण पुढच्याच रविवारी अकोल्याहून मला पाहायला पाहुणे येणार होते, आणि मुलगा मला आधीच आवडला होता. धर्मपाल त्याचं नाव. अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात अमरावतीला भाषण करायला आला होता तेव्हा मी त्याला पाहिलं. मधेच भाषण विसरला, सगळ्या लोकांसमोर स्वतःलाच हसला, आणि म्हणाला, "आठोलं की सांगतो, तोपर्यंत टाळ्या वाजवा." लोकांनी खरंच वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच.

घरी आल्यावर मी मायला आणि बाबांना सगळं सांगितलं. माझे बाबा देवराव, रेल्वेत फाटकवाले. माय भागीरथा, बाबांवरची फाटकवाली. तिनं आधी दार लावलं.

"कोनाले सांगू नको," ती म्हणाली. "पयले पत्रिका होती तवा बरं होतं. जुळली नाई तं जोश्याले चिरीमिरी देऊन जुळवून घेत होते. आता हे रक्त कोनापाशी जाऊन जुळवून आनू?"

"लपवून लगन लावता येते," बाबा म्हणाले, "लेकरू लपवता येत नाई. पोरीले ठरवू दे."

मी ठरवलं खरं, पण रविवार येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. बोलले तर स्थळ जाईल, नाही बोलले तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. आणि स्थळ जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

पाहुणे चौघं आले. धर्मपाल, त्याचे वडील पुंजाजी, आई केशरबाई आणि मोठे काका नत्थुजी. नत्थुजींचा फेटा कडक आणि चेहरा त्याहून कडक. भजी आली, चहा आला. पुंजाजी मोकळ्या आवाजाचा माणूस. म्हणाले, "आमी छप्पन साली धम्म घेतला, तवापासून सारं सोडलं बाप्पा. पत्रिका नाई, मुहूर्त नाई, हुंडा नाई. पोरगी शिकेल पाह्यजे, बस."

मायनं माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. मी ते पाहिलंच नाही असं केलं आणि बोलायला लागले. विळे, गोल, चारात एक, सगळं सांगितलं, आणि माझ्या रक्तात ते आहे हेही सांगितलं.

केशरबाईंनी कप खाली ठेवला. "म्हंजे पोरीत खोट हाय?"

"खोट नाई, मामी. मले काईच होत नाई. पन तुमच्या पोरातही हेच असलं तं लेकरायचे हाल होतील. म्हून त्याचं रक्त पाहाचं हाय."

नत्थुजी उठूनच उभे राहिले. "आमी पोरगी पाह्यले आलो का पोराची झडती द्याले? पत्रिका सोडली, अन् हे पोरगी रक्ताची पत्रिका घेऊन आली!"

"पत्रिका आभाळातलं सांगे, काका. हे आपलंच बोट सांगते," मी म्हणाले.

केशरबाई काहीतरी विचारणार होत्या. "ते हाडं ठनकतात म्हने, ते..." एवढं त्या बोलल्या, तोच पुंजाजी म्हणाले, "राहू दे." धर्मपाल सगळा वेळ बशीकडे पाहत होता. जाताना पुंजाजी "कळवतो" म्हणाले. कळवतो म्हणणारा पाहुणा पुन्हा कळवत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "बरोबर बोलली," आणि फाटकावर गेले. मला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि त्यात रागही होता. भर सभेत स्वतःला हसणारा मुलगा चार माणसांत माझ्या बाजूनं एक शब्द बोलत नाही म्हणजे काय!

त्याच आठवड्यात तो कॉलेजच्या फाटकाशी उभा दिसला. बडनेऱ्याहून उसनी सायकल मारत आलेला, घामानं निथळलेला.

"त्या दिवशी तोंडात काय होतं तुमच्या?" मी विचारलं.

"भजी," तो म्हणाला. "तुमच्या मायनं लय चांगली केली होती."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला. पण मग तो गंभीर झाला.

"मले एक मोठी बहीण होती. इंदू. तिचे हातपाय ठनकायचे, रात-रात रडे. बारा-तेरा वर्साची असताना गेली. त्याच्या आदल्या दिवशी माय तिले घेऊन नदीवर आंघोळीले गेली होती, तं लोकायनं मायलेच दोष देल्ला. बाबाही बोलले, का तुह्या हातानं पोर गेली. तवापासून आमच्या घरात इंदूचं नाव निंगत नाई. अन् तुमी बोलल्यापासून माय एकच इचारून राहिली, का त्या पोरीनं सांगतलं तेच माह्या इंदूले होतं का? गेलेल्या माणसाचं समजते का हो काही?"

"तिचं नाही," मी म्हणाले, "पण तुमच्या आईवडिलांचं पाहिलं तर बरंच समजेल."

"बाबा तयार नाई होत. पन मी आज बोलतो त्यायच्याशी. शनिवारी दोघायलेही आनतो. अन् माहंही पाहा."

मी सरांना सांगून ठेवलं, शनिवारी तिघं जण येतील. तीन काचा पुसून ठेवल्या.

शनिवारी दुपारी मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते, आणि समोरच्या रस्त्यानं वरात आली. वाजंत्री तेवढी नव्हती. पुढे नत्थुजी, फेटा आणखी कडक. मागे पुंजाजी, केशरबाई, धर्मपाल, आणि त्यांच्या मागे काके, मामे, आत्या, मावश्या, धुतलेली धोतरं, ठेवणीतली लुगडी. सकाळच्या गाडीनं सगळे बडनेऱ्याला उतरून आधी आमच्या घरी गेले होते. माझी माय त्यांच्यासोबत चालत होती, आणि आता हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं.

"हे काय?" मी धर्मपालला विचारलं.

"मी घरी बोललो. काका म्हने, एकट्या पोराचं रक्त पाह्यलं तं लोक म्हनतील पोरातच काही हाय. तवा सगळ्याईचंच पाहा. मंग कोन कोनाले नाव ठेवीन?"

असा विचार फक्त आमचे लोकच करू जाणोत. पण घोळ पुढे होता. लग्नात मानपान करायची सवय हाडीमासी खिळलेली. पत्रिका सोडली, मुहूर्त सोडला, मानपान काही सुटला नव्हता. सरांनी सुई घेतली आणि जवळ उभ्या असलेल्या एका मामाचं बोट धरलं. नत्थुजी गरजले, "थांबा! मोठा भाऊ जित्ता असताना मामाले पयला मान? मी काय मेलो?"

मामांनी बोट मागे घेतलं नाही. "नवऱ्या पोराचा मामा म्हंजे काय रस्त्यावरचा का?"

सर सुई हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. अख्ख्या वर्गातून त्यांना रक्त द्यायला माझ्याशिवाय एक पोर सापडलं नव्हतं, आणि इथं सुईसाठी भांडण लागलं होतं. मी म्हटलं, "सर, दोघांची बोटं एकदम टोचा." तसं केलं. मग आत्या म्हणाली तिलाही, मग मावशी म्हणाली आत्याला टोचलं तर मला का नाही. काचा संपल्या, तेव्हा सरांनी शेजारच्या खोलीतून आणवल्या. दुसऱ्या एका मामाला टोचायचं राहून गेलं, तर तो तोंड फुगवून ओट्यावर जाऊन बसला आणि त्याला समजावून आणावं लागलं.

हा गोंगाट ऐकून आमचा वर्ग दाराशी जमला होता. चंद्रभान मान उंचावून पाहत होता. नत्थुजींनी त्याला हाक मारली, "काय रे पोट्ट्या, तू टोचलं का?" आता एवढ्या लोकांत मारुतीचं नाव कसं सांगणार? आला. बोट पुढे केलं, रक्ताचा थेंब पाहिला, आणि सहा फुटी गडी नत्थुजींच्या अंगावर कलला. "बैल दिसते," नत्थुजी त्याला धरत मला म्हणाले, "पन आतून वासरू हाय." त्याच्या मागून आमच्या वर्गातली आणखी मुलं आली. मंगळवाली मैत्रीणही आली. म्हणाली, "इतक्या सासवा टोचून घेतात, मग मलाच काय झालं?"

मग वाट पाहणं आलं. सर एकेक काच पाहायचे आणि मला पाहायला द्यायचे. नत्थुजी गोल. मामा गोल. आत्या गोल. चंद्रभान गोल, आणि पुढे वर्षभर तो "माहं गोल हाय" म्हणत फिरला, शेवटी सर म्हणाले की तुझं डोकंही गोलच आहे, ते कधी वापरतोस?

पुंजाजींच्या काचेशी सर थांबले. मी पाहिलं. विळे. केशरबाईंच्या काचेतही विळे.

सरांनी दोघांना जवळ बोलावलं आणि जरा आडोशाला नेऊन खालच्या आवाजात सांगितलं. धर्मपाल आणि मी शेजारी उभे होतो. केशरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे माही इंदू... नदीच्या पान्यानं नाई गेली?"

"पुरावा आता कुणाकडे नाही, बाई," सर म्हणाले. "पण तुम्ही जे सांगता त्यावरून हाच रोग वाटतो. तो नदीच्या पाण्यातून येत नाही. जन्मासोबत येतो, आणि दोघांकडून येतो. यात कुणाचा हात नाही, कुणाची चूक नाही."

पुंजाजी सगळ्या गोतावळ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका. इंदू धर्माच्या मायच्या हातानं नाई गेली. मी चुकीचं बोललो होतो. आता कोनी बोललं तं मी आयकून घेनार नाई." केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. आत्याबाईंनी त्यांना धरून बाकावर बसवलं, आणि नत्थुजी उगाच फेटा सारखा करत राहिले.

मला त्यांच्यासाठी बरं वाटत होतं, पण माझा जीव धर्मपालच्या काचेत अडकला होता. आईत आहे आणि बापातही आहे. मी शिकले होते ते मनात मांडलं. अशा घरच्या निरोगी मुलात हा गुण असण्याच्या दोन वाटा, नसण्याची एक. दोन माझ्या विरुद्ध, एक माझ्या बाजूनं. ओट्यावर शेवटची एकच काच उरली होती.

सरांनी ती लावली आणि न पाहताच बाजूला झाले. "तू बघ," म्हणाले.

मी डोळा लावला. आधी काहीच दिसेना, कारण डोळ्यांत पाणी होतं. ते पुसलं आणि पुन्हा पाहिलं. काच डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, कोपरे पाहिले. परीक्षेतसुद्धा मी कधी इतकं नीट पाहिलं नव्हतं.

"काय हाय?" धर्मपालनं विचारलं.

"गोल," मी म्हणाले. "सगळ्या गोल आहेत."

सरांनी पाहिलं आणि मान डोलावली. प्रयोगशाळेत एकच गलका झाला. माझी माय ज्याला त्याला विचारत होती, गोल चांगलं का वाईट, आणि कळल्यावर ती मटकन खालीच बसली.

केशरबाई बाकावरून उठून माझ्यासमोर आल्या. बोटावर कापसाचा बोळा तसाच धरलेला होता.

"माह्यात हाय, धर्माच्या बाबात हाय, तुह्यात हाय," त्या म्हणाल्या. "मी तुह्या घरी येऊन खोट म्हनली. तू बोलली नसती तं मी मरेलोक सोताले खात राहिली असती. आता तू सांग पोरी. आमी चालतो का तुले?"

टोचलेली बोटं वर धरून तो अख्खा गोतावळा, नत्थुजीसुद्धा, माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"चालता, मामी," मी म्हणाले, आणि पुढे काहीतरी चुरचुरीत बोलायला तोंड उघडलं तर रडूच आलं.

त्यांनी मला जवळ ओढलं. "रड, पन उलसकच रड," त्या माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "मी लय वर्स रडून पाह्यलं. त्यात काई निंगत नाई."